शहराचं नाव बदललं, कॅशमध्ये जुनंच

गावाचं नाव दिलं की ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावरून त्याचे अक्षांश-रेखांश शोधून देणारी नॉमिनॅटिम नावाची मोफत सेवा आहे. तिच्या अटी साध्या आहेत. सेकंदाला एकाहून जास्त विचारणा करायची नाही. मोठी यादी विचारायची असेल तर मिळालेली उत्तरं आपल्याकडे साठवायची. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा प्रोग्रॅम बिघडलेला आहे असं समजून त्याचा रस्ता बंद केला जाऊ शकतो. फुकट सेवा चालवणाऱ्याला हे लिहावं लागलं, कारण विचारणाऱ्यांपैकी बरेचजण उत्तर घेतात, वापरतात, फेकून देतात आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारायला परत येतात.

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यातला बियाण्यांचा एक घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. मृगाच्या तोंडावर त्याच्याकडे मका, कापूस, तुरीच्या ५००० ऑर्डरी पडल्या आहेत. पैठण, गंगापूर, वैजापूर, खुलताबाद, कन्नड, सिल्लोड, सोयगाव, फुलंब्री आणि खुद्द शहराचा तालुका, असे जिल्ह्याचे नऊच्या नऊ तालुके यादीत आहेत. टेम्पोंचे मार्ग आखायला प्रत्येक ऑर्डरचं गाव नकाशावर हवं. त्याच्या भाच्याने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला: यादी वाचायची, गाव विचारायचं, उत्तर लिहायचं. सेकंदाला एक या हिशेबाने ५००० सेकंद, म्हणजे १ तास २३ मिनिटं. दुसऱ्या दिवशी २०० ऑर्डरी वाढल्या की सगळं पहिल्यापासून.

पण त्या ५००० ऑर्डरींमध्ये वेगवेगळी गावं किती? समजा ६००. मग खरं काम दहा मिनिटांचं आहे. दुसऱ्या दिवशी यादीत नवी चार गावं आली असतील तर चार सेकंदांचं. एकदा मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं आणि तोच प्रश्न आला की तेच पुढे करायचं, याला कॅशिंग म्हणतात. जुन्या शाळांनी हेच काम पोरांच्या डोक्यात करून ठेवलं होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेला दिवाणजी 'सतरा सवाया' मांडून गुणत बसत नसे. सव्वाएकवीस त्याच्या जिभेवर तयार असे.

संगणकात ही कल्पना नवी नाही. एडिंबरोचे डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली 'नेचर' नियतकालिकात 'मेमो फंक्शन'वर लेख लिहिला. एकदा काढलेलं उत्तर लक्षात ठेवणारं फंक्शन अशी ती कल्पना होती, आणि मेमोआयझेशन हा शब्द तिथून रूढ झाला. पायथनमध्ये ही सोय २०११ सालच्या ३.२ आवृत्तीपासून भाषेसोबतच मिळते. फंक्शनच्या डोक्यावर 'एलआरयू कॅश' असा एक शिक्का मारायचा की झालं. असे शिक्के 'ॲट'च्या खुणेने सुरू होतात आणि पायथनवाले त्यांना डेकोरेटर म्हणतात. २०२० च्या ३.९ आवृत्तीत नुसता 'कॅश' नावाचा आणखी सुटसुटीत शिक्का आला.

वर्गात याचं नेहमीचं उदाहरण फिबोनाची मालिकेचं असतं, कारण त्यात फरक डोळ्यांत भरतो. मालिकेतली तिसावी संख्या काढायला आधीच्या दोन संख्या लागतात, त्यांना त्यांच्या आधीच्या दोन, असं ते फंक्शन स्वतःलाच बोलावत जातं. शिक्का नसेल तर त्याला २६,९२,५३७ वेळा बोलावलं जातं. शिक्का मारला की प्रत्यक्ष आकडेमोड ३१ वेळाच होते. बाकी सगळं एकच काम पुन्हा पुन्हा करणं होतं. फिबोनाची मात्र कोणी दुकानात विकत नाही. खरी गरज गावं शोधण्यासारख्या कामात असते. तिथे प्रत्येक प्रश्नामागे वेळ जातो आणि सेवा पैशाची असेल तर पैसाही जातो.

शिक्का मारून भाचा निवांत झाला, तर पहिला धक्का लगेच बसेल. एलआरयू कॅश प्रोग्रॅमच्या मेमरीत राहते. प्रोग्रॅम बंद झाला, लाईट गेली, लॅपटॉप मिटला की सगळी उत्तरं गेली. सकाळी पुन्हा दहा मिनिटं. दुसरी गोष्ट हळूच नडते. आकडा सांगितला नाही तर या कॅशमध्ये १२८ नोंदींचीच जागा असते. ती भरली की सगळ्यात जास्त काळ कोणी न विचारलेली नोंद बाहेर काढून नवीला जागा दिली जाते. एलआरयू या नावाचा अर्थच तो. आता यादी अशी असली की ६०० गावं एका क्रमाने येतात आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, तर या १२८ जागा एकही विचारणा वाचवत नाहीत. गाव परत येईपर्यंत त्याची नोंद बाहेर पडलेली असते. कॅश आहे, चालूही आहे, उपयोग शून्य. तीच यादी आधी गावानुसार लावून घेतली तर १२८ सोडा, एक जागाही पुरते. म्हणून शिक्का मारल्यावर त्याच्याच 'कॅश इन्फो'ला विचारायची सवय लावावी. किती उत्तरं साठ्यातून दिली आणि किती वेळा बाहेर जावं लागलं, हे तो स्वच्छ सांगतो.

बाहेरच्या सेवेची उत्तरं ठेवायला डिस्कच हवी. त्यासाठी मोठं काही लागत नाही. पायथनसोबत एसक्यूलाइट हा फाइलीत मावणारा डेटाबेस येतोच. त्यात एक टेबल आणि तीन रकाने: प्रश्न, उत्तर, उत्तर कधी मिळालं ती वेळ. हे हाताने लिहायचं नसेल तर 'डिस्ककॅश' आणि 'रिक्वेस्ट्स-कॅश' या तयार लायब्ररी आहेत. त्यातली दुसरी तर इंटरनेटच्या प्रत्येक विचारणेवर परस्पर नजर ठेवते. एकाच मशिनवरच्या कामाला रेडिससारखा वेगळा सर्व्हर उभारणं मला उगाच थाट वाटतो. दहा मशिन एकच साठा वापरणार असतील तेव्हा तो आणावा.

इथवरचं काम तासाभरात उरकतं. डोकं पुढे लागतं. उत्तर कोणत्या किल्लीखाली ठेवायचं, म्हणजे प्रोग्रॅमर ज्याला 'की' म्हणतात ती काय असावी, आणि ते उत्तर किती दिवस खरं मानायचं? नेटस्केपमध्ये काम केलेल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक वाक्य प्रोग्रॅमरांत फिरतं. त्याचा आशय असा की, संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच आहेत: कॅशमधली शिळी नोंद वेळेवर काढणं आणि गोष्टींना नावं देणं. आपल्या शहराने या दोन्ही एकदम पुढ्यात आणून ठेवल्या आहेत.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. जिल्हा, तालुका आणि महसूल विभागाच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. रेल्वे स्टेशनचं नाव बदलायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. लोकसभा मतदारसंघ २०२४ च्या निवडणुकीतही औरंगाबादच होता, कारण मतदारसंघांची नावं परिसीमनाच्या आदेशातून येतात. विमानतळाचा 'आयएक्सयू' हा कोड या सगळ्यात जागचा हलला नाही. एकाच ठिकाणाच्या नावाची मुदत प्रत्येक दप्तरात वेगळ्या दिवशी संपली. कॅश सांभाळणाऱ्याने हे नीट पाहून ठेवावं.

आता मोंढ्यातली यादी पुन्हा उघडू. एका गिऱ्हाइकाने गावापुढे औरंगाबाद लिहिलंय, दुसऱ्याने संभाजीनगर, तिसऱ्याने छ. संभाजीनगर, चौथ्याने पूर्ण नाव. कॅशच्या लेखी ही चार ठिकाणं आहेत. म्हणजे एकाच उत्तरासाठी चार विचारणा. यात नुकसान तीन सेकंदांचं, ते सोसवतं. उलट बाजूचा घोटाळा मात्र महागात पडतो. औरंगाबाद नावाचं जिल्ह्याचं शहर बिहारमध्येही आहे. यादीत नुसतं 'औरंगाबाद' लिहिलं आणि सेवेने बिहारचं ठिकाण पाठवलं, तर नकाशावरचा ठिपका हजार किलोमीटरहून जास्त सरकतो. महाराष्ट्रातल्या शहराचं नाव बदलल्यापासून हा धोका वाढलाच आहे, कारण जुन्या नावावर आता बिहारच्या शहराचा हक्क जास्त. टेम्पो बिहारला निघणार नाही, ड्रायव्हर शहाणा असतो. पण मार्ग आखणारा प्रोग्रॅम त्या दिवशीचा सगळा आराखडा विस्कटून टाकेल.

आणि कॅशमुळे तो दुसऱ्या दिवशीही विस्कटेल. सेवेने एकदा चुकीचं उत्तर दिलं तर पुढच्या वेळी ती बरोबर देऊ शकते. कॅशमध्ये बसलेलं चुकीचं उत्तर मात्र रोज तितक्याच आत्मविश्वासाने दिलं जातं, आणि तेही झटपट. लोक कॅशला वेगाची युक्ती समजतात. माझ्या मते ती आधी जबाबदारी आहे, कारण उत्तर साठवलं त्या क्षणापासून ते खरं असल्याची हमी सेवेची राहत नाही, आपली होते.

म्हणून किल्ली निवडताना माणसांच्या तोंडचं नाव टाळावं आणि सरकारी दप्तरातला न हलणारा आकडा धरावा. शहरातल्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४३१००१ हा पिनकोड नावासोबत बदलला नाही, गाड्यांच्या पाट्यांवरचा 'एमएच २०'ही नाही. पिनकोड एकटा पुरत नाही, एका पिनकोडात अनेक गावं असतात. गावागणिक वेगळा आकडा केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत मिळतो. गावाचं नाव बदललं तरी तो तोच राहतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५१५ होता. त्या वर्षाची कुठलीही आकडेवारी आज काढली तरी ५१५ म्हणजे हाच जिल्हा. यादीतलं 'वडगाव' हे वडगाव कोल्हाटी आहे की दुसरंच कुठलं, हे एकदा माणसाने बसून ठरवावं आणि पुढे आकड्यावरच चालावं. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करावं लागतं.

हे जमत नसेल आणि देवनागरी नावच किल्ली म्हणून वापरायचं असेल, तर मराठी माणसासाठी एक खास खड्डा आहे. 'कऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र टाइप करायच्या निदान तीन पद्धती आहेत. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे आणि त्याला हलन्त जोडता येतो. साध्या 'र'ला नुक्ता देऊनही तेच होतं. किंवा साधा र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पायथनला विचारलं तर ते तीन वेगळे शब्द आहेत, म्हणजे तीन किल्ल्या. पायथनच्या 'युनिकोडडेटा' या मॉड्यूलने मजकूर एनएफसी या प्रमाण रूपात आणला की पहिल्या दोन पद्धती एक होतात. तिसरी होत नाही, ती आपल्या हाताने बदलून घ्यावी लागते. 'ॲप'चीही तीच गत: एका कीबोर्डवर सबंध ॲ येतो, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र, आणि एनएफसी त्यांना जोडत नाही. पुढेमागे राहिलेली मोकळी जागा, 'वाळूज' आणि 'वाळुज' हे तर वेगळंच. किल्ली बनवण्याआधी नाव धुऊन घेणारं चार ओळींचं फंक्शन लिहा. कॅशच्या नोंदी निम्म्यावर आलेल्या दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका.

आता मुदत. पावसाळ्यात या शहरात कोणी कोणाला भेटला की एक प्रश्न येतोच: जायकवाडी किती टक्के? शहराचं पाणी याच धरणाच्या नाथसागर जलाशयातून येतं, त्यामुळे हा प्रश्न चौकशीपुरता नसतो. जायकवाडीचे आकडे कुठून तरी घेऊन दाखवणारं पान पायथनमध्ये बनवायचं आहे असं धरा. धरणाची एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातली उपयुक्त २१७१, पूर्ण भरल्यावरची पातळी १५२२ फूट. हे आकडे प्रोग्रॅम सुरू झाल्यावर एकदा वाचले तरी चालतात. आजची पातळी मात्र रोज वेगळी. मार्चमध्ये ती दिवसाला थोडी थोडी उतरते, तेव्हा दिवसातून एकदा विचारलं तरी कोणाचं अडत नाही. ऑगस्टमध्ये नाशिक-नगरकडच्या धरणांतून सोडलेलं पाणी नांदूर मधमेश्वरवरून खाली निघालं की तासाभरापूर्वीचा आकडा शिळा असतो. पैठणला दरवाजे उघडायची वेळ आली असेल तर तो धोक्याचाही.

म्हणजे एकाच धरणाच्या एकाच आकड्याची मुदत महिन्यावर अवलंबून आहे. कॅशच्या मुदतीला टीटीएल म्हणतात. पायथनच्या एलआरयू कॅशला ती कळतच नाही, तिथे वेळेचा रकानाच नाही. 'कॅशटूल्स' लायब्ररीतल्या टीटीएल कॅशला कळते, पण तिथेही मुदतीचा आकडा आपणच द्यायचा. बहुतेकजण ३६०० सेकंद लिहून मोकळे होतात, कारण तास हा आकडा गोल दिसतो. विचारायचा प्रश्न असा: हे उत्तर शिळं निघालं तर कोणाचं काय बिघडेल? बियाण्याच्या गावाचं ठिकाण वर्षभर जुनं असलं तरी गाव जागेवर असतं. विसर्गाचा आकडा दोन तास जुना असला तर नदीकाठच्या माणसाला तो न दाखवलेला बरा. पानावर 'ही पातळी इतक्या वाजताची' असं लिहिणं तर सक्तीचंच करायला हवं.

सेवा देणारा कधी कधी मुदत स्वतःच सांगतो. उत्तरासोबत 'कॅश-कंट्रोल' नावाची सूचना येते, त्यात किती सेकंद ठेवायचं ते लिहिलेलं असतं. 'ईटॅग' नावाचा ठसा आला असेल तर पुढच्या वेळी तो ठसा दाखवून एवढंच विचारता येतं की, बदललंय का? बदललं नसेल तर ३०४ हा आकडा परत येतो, मजकूर येत नाही. काही ठिकाणी मुदत कायद्याच्या भाषेत असते. गूगलच्या नकाशा सेवेकडून मिळालेले अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपेक्षा जास्त साठवायला तिच्या अटींत मनाई आहे, जागेचा 'प्लेस आयडी' मात्र हवा तितका काळ ठेवता येतो. नॉमिनॅटिम साठवा म्हणतं, गूगल फार दिवस साठवू नका म्हणतं. अटी न वाचता कॅश लावणारा यातली एक तरी मोडणारच.

आणखी एक चूक इतकी सर्रास दिसते की तिच्यावर थांबायला हवं. इंटरनेट गेलं, सेवेकडून उत्तर आलं नाही, म्हणून भाच्याने फंक्शनमध्ये लिहून ठेवलं की अशा वेळी 'काही नाही' परत द्यावं. पायथनमधलं हे 'नन' एलआरयू कॅशला पूर्ण वैध उत्तर वाटतं. ती ते जपून ठेवते. नेट दोन मिनिटांत परत येतं, पण सोयगाव प्रोग्रॅम बंद होईपर्यंत नकाशावरून गायब. डिस्कवरच्या कॅशमध्ये तर कोणी फाइल पुसेपर्यंत. उपाय सोपा आहे: अपयश आलं तर फंक्शनने एक्सेप्शन फेकावं. एलआरयू कॅश एक्सेप्शन साठवत नाही. गाव खरोखरच सापडलं नाही, हे उत्तर मात्र साठवावं, थोड्या मुदतीने. 'सापडलं नाही' आणि 'विचारता आलं नाही' यांत फरक आहे.

यादी किंवा डिक्शनरी परत देणाऱ्या फंक्शनांचाही असाच छुपा त्रास असतो. कॅश तीच वस्तू सगळ्यांच्या हातात देते, प्रत देत नाही. एकाने त्यात बदल केला की पुढच्या प्रत्येकाला बदललेलीच मिळते. तिथे टपल, म्हणजे बदलता न येणारी यादी, परत द्यावा. एसएमएस पाठवणं, ओटीपी बनवणं, पैसे वळते करणं असली कामं करणाऱ्या फंक्शनवर तर हा शिक्का कधीच मारू नये. दुसऱ्या वेळी एसएमएस जाणारच नाही, आणि 'गेला' असं उत्तर मिळेल.

एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडण्याचा प्रकार मोठ्यांकडूनही झाला आहे. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसू लागली आणि सेवा बंद करावी लागली. ओपनएआय वापरकर्त्यांची माहिती रेडिसमध्ये कॅश करत होती, आणि दोष निघाला पायथनला रेडिसशी जोडणाऱ्या लायब्ररीत. म्हणून गिऱ्हाइकाचं नाव, फोन, उधारी असं काही साठवणार असाल तर किल्लीत गिऱ्हाइकाची ओळख असलीच पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी ते त्याचंच आहे का हे तपासलं पाहिजे. गावाच्या ठिकाणाला हा नियम लागत नाही. ते सगळ्यांचं सारखंच.

शेवटी या शहराशी संबंधित प्रोग्रॅम ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी एक काम. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनच्या नावासोबत त्याचा कोडही बदलला: 'एडब्ल्यूबी' जाऊन 'सीपीएसएन' आला. गाड्यांच्या वेळा, तिकिटं किंवा पार्सल यांच्याशी जोडलेला एखादा जुना प्रोग्रॅम तुमच्याकडे चालू असेल, तर त्याच्या कॅशच्या फाइलीत एडब्ल्यूबी शोधा. सापडलं तर त्या नोंदी पुसा, आणि टेबलात वेळेचा रकाना नसेल तर तो त्याच बैठकीत घालून घ्या.